वाकोल्याच्या चाळीस पिशव्या

एकवीस वर्षं मी दर आठवड्याला लाल भोपळे विकत घेतले आणि त्यातल्या एकाचीही भाजी केली नाही. विक्रोळीच्या मंडईतला भाजीवाला मला खानावळवाली समजायचा. मी भोपळा उचलायचे, देठ शाबूत आहे का बघायचे, साल खरबरीत आहे का ते अंगठ्याने चाचपायचे आणि गुळगुळीत, चकचकीत असला तर परत ठेवायचे. तो वैतागायचा. "मावशी, लग्न लावायचंय काय भोपळ्याचं? उचला ना पटकन!" शेवटी एकदा त्याला खरं सांगून टाकलं, की बाबा रे, या भोपळ्यांवर आम्ही किडे पाळतो. त्या दिवसापासून मी गेले की तो शेजारच्या गिऱ्हाइकाच्या कानाला लागायचा आणि सगळे वळून माझ्याकडे बघायचे. भोपळे मात्र चांगले काढून ठेवायला लागला.

संपादकबाई म्हणाल्या, दिवाळी अंकासाठी तुमच्या नोकरीबद्दल लिहा. मी म्हटलं, काय लिहू, कप्पाळ! जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये तीन खोल्या, एक सूक्ष्मदर्शक, दोन एसी, त्यातला एक कायम रुसलेला, आणि आम्ही चार बायका. आमच्यावर पेठे सर. किड्यांच्या शास्त्रातले डॉक्टर, पुण्याचे, 'कृपया' लावल्याशिवाय न बोलणारे. मी प्रयोगशाळा सहायक. बारावी सायन्सनंतर लग्न झालं, त्यामुळे माझं सायन्स तिथंच थांबलं आणि बाकीचं या शेडमध्ये झालं. पण बसले लिहायला, तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पेनाच्या टोकाशी यायला लागली. तीच लिहिते. माणसांची नावं बदलली आहेत, एक सोडून.

आधी धंदा समजावते. तुमच्या गॅलरीतल्या जास्वंदीच्या शेंड्याला पांढरा कापूस चिकटल्यासारखं दिसतं ना, तो कापूस नव्हे, तो पिठ्या ढेकूण. पीठ फासल्यासारखा दिसतो म्हणून पिठ्या. हजारोंनी बसतो आणि रस ओढतो. पानं आखडतात, शेंडे वळतात आणि झाड वाळत जातं. औषध मारलं तर त्याच्या मेणचट पिठावरून ओघळून जातं. मरतात ते दुसरेच, बिचारे कामाचे किडे.

या ढेकणाला एकच खरा वैरी, ती म्हणजे आमची माशी. माशी आपली म्हणायला, नात्याने गांधीलमाशीची, पण तिळाहून लहान आणि माणसाला अजिबात न चावणारी. तिच्या कुळाचं नाव एनसर्टिडी. पहिले सहा महिने ते नाव आमच्या तोंडात बसेना, आमची शैला 'सर्टिफिकेटवाली' म्हणायची. मादी ढेकणाच्या पाठीवर मिशांनी टकटक करते, डॉक्टर छाती ठोकून बघतात तसं. पसंत पडला तर शेपटाची सुई आत खुपसून अंडं घालते. अळी आतच निघते, आतच खाते. ढेकूण चालतो, रस पितो, त्याला पत्ताच नसतो. मग एक दिवस तो जागच्या जागी कडक, तपकिरी, फुगीर होतो. त्याला आम्ही ममी म्हणतो. ममीला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर येते आणि पंख झटकून दुसरा ढेकूण शोधायला निघते.

ऐकून 'ई' केलंत ना? सगळेच करतात. अंधेरीच्या एका सोसायटीत आम्ही माश्या सोडायला गेलो तर एक बाई जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या. "किडे मारायला बोलावलं तर तुम्ही आणखी किडे घेऊन आलात? शुद्धीत आहात ना?" घाटकोपरच्या एका काकांनी तर कमाल केली. गच्चीवरच्या बागेसाठी हौसेने माश्या नेल्या, सकाळी सोडल्या आणि संध्याकाळी वरून विषारी औषध फवारलं. "दोन्ही मिळून डबल काम करतील म्हटलं!" मी कपाळावर हात मारून घेतला. महिनाभर भोपळ्यावरच्या ढेकणांत वाढवलेली पोरं ती, एका संध्याकाळी खलास.

आता त्या दुसऱ्या किड्याबद्दल सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. याच एनसर्टिडी कुळात एक बाई अशी आहे, जी ढेकणाला हात लावत नाही. ती ममी शोधते. ममीच्या आत आमच्या माशीचं पोर असतं, त्याच्या अंगात ही आपलं अंडं घालते. ढेकणाच्या पोटात माशी आणि माशीच्या पोटात ही. बाहेरून ममी अगदी तशीच दिसते, फरक काडीचा नाही. पण आतून आमची माशी निघायच्या ऐवजी सात-आठ दिवस उशिराने ही निघते. पंखांवर धुरकट पट्टा असतो, म्हणून आम्ही तिला काजळी म्हणायचो. ती एकदा पाळणाघरात शिरली की महिनाभरात आमच्या माश्यांचा निर्वंश. कूळ तेच, घरचीच, पण घरच्यांवरच उठलेली.

म्हणून सरांचा एक नियम होता आणि तो भिंतीवर लाल शाईने लिहिलेला होता. बाहेरून आणलेली प्रत्येक ममी वेगळ्या काचेच्या नळीत ठेवायची, तोंडाला कापूस लावायचा. आतून काय निघतं ते भिंगाखाली बघायचं. माशी निघाली तर आत घ्यायची, काजळी निघाली तर तिथल्या तिथे मारायची. बाहेरची ममी थेट कुठेही सोडायची नाही, म्हणजे नाही. नव्या मुलींना हा नियम मीच शिकवायचे. आणि तो मोडला तोही मीच.

मुलुंडला एका जुन्या कॉलनीच्या गेटजवळ तीन रेन ट्री होते. मराठीत पर्जन्यवृक्ष, पण म्हणतं कोण? तिन्ही म्हातारे, रस्ताभर पसरलेले. त्यांच्या सावलीत सुमन गायकवाडची रोपांची नर्सरी होती. सुमन तेव्हा पस्तिशीची असेल. जालन्याकडून सासर-माहेर दोन्ही इकडे आलेलं, नवरा गेलेला, सासूसोबत मागच्या चाळीत राहायची. रोपं सगळी सावलीतली. मनीप्लँट, नेचे, तुळस, शेवंती, आणि कडेला जिथे ऊन पोचायचं तिथे जास्वंदी. पस्तीस-चाळीस कुंड्या जास्वंदीच्या, तिने स्वतः कलमं करून वाढवलेल्या. गणपतीत सगळी कॉलनी तिच्याकडूनच न्यायची.

त्या तिन्ही झाडांना पिठ्या ढेकूण लागला. दोन वर्षांत फांद्यांचे हाडांसारखे सांगाडे झाले. एक मोठी फांदी एका गाडीवर पडली आणि कॉलनीच्या कमिटीने झाडं मेलेली आहेत म्हणून पालिकेकडे तोडायची परवानगी मागितली. नर्सरी तिथे होती ती झाडांच्या आसऱ्याने. झाडं गेली की तिथे पार्किंग होणार, असं कमिटीचे सेक्रेटरी नाईक तिला तोंडावर म्हणाले होते. वर सावली नाही आणि खाली जागा नाही, म्हणजे सुमनची वाटच लागली असती. तिने कुणाकडून तरी आमचा पत्ता काढला आणि शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, तुमच्याकडे किडा खाणारा किडा मिळतो म्हणे?"

सरांनी झाडं पाहिली, नखाने साल खरवडली, खाली हिरवं दिसलं. म्हणाले, "जीव आहे. कृपया प्रयत्न करू या." कमिटीने हो-ना करत महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. त्यानंतर अधिकारी येऊन बघणार आणि झाड मेलेलं ठरलं की करवत. आमचा बेत साधा होता. एकदा माश्या सोडायच्या, मग दोन आठवड्यांनी आणखी भरपूर. आणि या काळात आसपास कुठेही औषध मारायचं नाही.

हे शेवटचं सुमनला सांगायला मी गेले. तिच्या जास्वंदींनाही तोच ढेकूण लागलेला. ती पंप भरूनच बसली होती.

"सुमन, पंप खाली ठेव. एक थेंब मारायचा नाही."

"अहो ताई, जास्वंदी मरतील माझ्या!"

"तू खाली मारशील ते वर उडणार. वर माझ्या माश्या आहेत. त्या मेल्या तर झाड मेलं, आणि झाड मेलं तर तू कुठे बसणार गं?"

तिने जास्वंदींकडे पाहिलं, वर झाडाकडे पाहिलं आणि पंप उलटा करून गटारात ओतला. त्यानंतर रोज सकाळी ती जुन्या टूथब्रशने एकेका शेंड्यावरचा ढेकूण झाडत बसायची. चाळीस कुंड्या. तरी एकेक झाड पांढरं होत चाललं होतं. पण पंपाला तिने हात लावला नाही.

पहिल्या माश्या सोडल्या. मग सरांच्या आईचं ऑपरेशन ठरलं आणि सर पंधरा दिवसांसाठी पुण्याला गेले. जाताना चाव्या माझ्या हातात दिल्या. दुसऱ्या दिवशी तो रुसका एसी बंद पडला, मे महिन्याची घामट हवा, आणि दोन दिवसांत आमचे भोपळे सडले. एकदोन नाही, मुलुंडसाठी लावलेली अख्खी मांडणी, वरच्या ढेकूण-माश्यांसकट. दार उघडलं तर आंबूस वास आणि भोपळ्यांमधून पाणी गळतंय. गुरुवारी माश्या सोडायच्या होत्या आणि माझ्याकडे मूठभरसुद्धा नव्हत्या.

बुधवारी वाकोल्याहून एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या चाळीच्या कुंपणाच्या जास्वंदीवर 'तपकिरी टिकल्या' दिसत होत्या. मी गेले आणि बघतच राहिले. टिकल्या नव्हेत, ममी! शेंड्याशेंड्यावर, हजारोंनी. देवच पावला असं वाटलं. फांद्या कापून पोतंभर घेऊन आले.

आता नियमाप्रमाणे एकेक ममी नळीत घालायची, आठ-दहा दिवस थांबायचं. तोवर माझ्या माश्यांचा वेळ गेलेला असता आणि महिनाअखेर येऊन ठेपली असती. सरांना फोन करावा असं मनात आलं. पण ते दवाखान्यात, आणि मला ठाऊक होतं ते काय म्हणणार. म्हणून फोन केला नाही. हे मी आज जेवढं सरळ लिहितेय तेवढं सरळ मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, वीस ममी नळ्यांत ठेवते, नमुन्यादाखल. बाकीच्या चाळीस कागदी पिशव्यांत भरल्या. पिशव्यांवर नंबर घातले, माश्यांना बाहेर पडायला वर बारीक फट ठेवली, मुंग्या चढू नयेत म्हणून दोऱ्यांना ग्रीस चोपडलं. गुरुवारी सकाळी मुलुंडला जाऊन, आंबे उतरवायच्या आकडीने आणि मांडववाल्याच्या शिडीने, तिन्ही झाडांवर त्या चाळीस पिशव्या टांगल्या. शिडी सुमनने धरली होती.

"ताई, एवढ्या मोठ्या झाडाला एवढ्याशा पिशव्या?"

"बघ तू," मी वरून म्हटलं. काय तो माझा रुबाब!

शनिवारपासून नळ्यांमध्ये माश्या निघायला लागल्या. आमच्याच, सरळ साध्या, स्वच्छ पंखांच्या. सोमवारपर्यंत वीसपैकी बारा. म्हणजे मुलुंडलाही हेच चाललं असणार. मी खुशीत होते. शैलाला म्हटलं, नियम ठीक आहे गं, पण कधीकधी माणसाने अंदाजही घ्यावा. शैलाने नुसतं भिंतीकडे पाहिलं.

बुधवारी सकाळी आठला मी उरलेल्या आठ नळ्या उजेडात धरल्या. सातांत काही नाही. चौदा नंबरच्या नळीत कापसाला चिकटून एक उभी. भिंगाखाली घातली. पंखांवर धुरकट पट्टा.

लगेच डोक्यात हिशेब सुरू झाला. आमच्या माश्या आधी निघतात, काजळी मागून. म्हणजे पिशव्यांतल्या चांगल्या माश्या निघून गेल्या असणार, आणि आता उरलेल्या ममींमधून निघणार त्या बहुतेक काजळ्या. इथे सावलीत आज पहिली निघाली. मुलुंडला उन्हात आज दुपारी निघतील की काल निघाल्या? निघाल्या तर झाडावर माझ्या माश्यांची पहिली पोरं ममीत बसलेली आहेत, अगदी तिला हव्या तशा. सर म्हणायचे, काजळी वाऱ्याबरोबर आज ना उद्या येतेच, पण त्याआधी आपल्या दोन पिढ्या व्हायला हव्यात. इथे एकही धड झाली नव्हती. आणि मी तिला स्वतःच्या हाताने, नंबर घालून, दोऱ्याला ग्रीस लावून वर पोचवलं होतं.

फांद्या भरायला घरून आणून ठेवलेले उशीचे चार अभ्रे पिशवीत कोंबले आणि रिक्षा पकडली. "मुलुंड, आणि जरा दाबून चल रे बाबा." भांडुपच्या सिग्नलला रिक्षा उभी राहिली तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं. रिक्षावाला म्हणाला, "काय मावशी, दवाखाना?" मी हो म्हटलं.

कॉलनीच्या गेटवर उतरले ती धावतच. "सुमन, शिडी! लवकर!" ती काही न विचारता शिडी घेऊन आली. मी तेव्हा छप्पन्न वर्षांची, गुडघे दोन्ही गेलेले. पहिली पिशवी आकडीने ओढली, अभ्र्यात टाकली, तोंड पिळून धरलं. मग दुसरी. सुमन खालून नंबर मोजत होती. उन्हं चढत होती. प्रत्येक पिशवी उतरवताना मी फटीकडे बघत होते, कुणी बाहेर डोकावतंय का. तीन पिशव्यांत आतल्या बाजूला काजळ्या फिरताना दिसल्या, अजून फटीपर्यंत पोचल्या नव्हत्या. अभ्र्यात गेल्या.

शेवटची पिशवी काढून खाली उतरले. नंबर लावले. एकोणचाळीस.

"सत्तावीस नाहीये," मी म्हटलं. "वाऱ्याने पडली काय? कावळ्याने नेली? शोध गं, शोध!" मी झाडाखाली पाला उपसायला लागले. सुमन हलली नाही. मी मान वर केली तर ती साडीच्या पदराला पीळ देत उभी.

"ताई, ती मी घेतली."

"काय?"

"शनिवारी. खालच्या फांदीला होती, हाताला आली. माझ्या जास्वंदींना पण जरा माश्या मिळतील म्हटलं. तुम्ही औषध मारू देत नव्हता ना." तिने नर्सरीच्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवलं. पत्र्याला टेकून सत्तावीस नंबरची पिशवी टांगलेली, खाली जास्वंदीच्या रांगा.

पत्रा तापलेला होता. उष्णतेने सगळं लवकर होतं, हे मी मुलींना शिकवायचे. पिशवीतल्या सगळ्या ममींना भोकं पडलेली, आत कोणी नाही. मी भिंग घेऊन जास्वंदीच्या पानांवर वाकले. पहिल्या कुंडीवर काही नाही, दुसरीवर नाही. तिसरीच्या शेंड्यावर एक काजळी, मिशांनी टकटक करत चाललेली. पाचवीवर आणखी दोन. वर बघितलं तर झाडाची सर्वांत खालची फांदी शेडपासून दोन हातांवर होती.

"औषध मारू?" सुमनने विचारलं. तिला नीटसं कळलं नव्हतं, पण माझा चेहरा कळला होता.

"नको. वर उडेल." मी खाली बसले. "सुमन, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या आण, मोठ्या. प्रत्येक कुंडी पिशवीत घालायची, तोंड गच्च बांधायचं आणि उन्हात ठेवायची. आतल्या आत शिजलं पाहिजे सगळं. आत्ता, वारा सुटायच्या आत."

"जास्वंदी मरतील मग."

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या."

तिने कुंड्यांच्या रांगेवरून नजर फिरवली. त्याच जास्वंदी, ज्यांचा एकेक शेंडा तिने टूथब्रशने घासला होता. मग आत गेली, पिशव्या घेऊन आली आणि पहिली कुंडी स्वतः उचलली. हळूच, पान हलू नये अशा बेताने. मी तोंड धरायचे, ती गाठ मारायची. तासाभरात चाळीस काळी गाठोडी फुटपाथवर उन्हात उभी राहिली. दुपारी आतून वाफ धरली. सुमन त्यांच्याकडे पाठ करून बसली होती.

मग ती म्हणाली, "माझ्या हावरटपणाने झालं ना हे, ताई? मी पिशवी काढली नसती तर जास्वंदी वाचल्या असत्या आणि झाडाला पण धोका नसता."

मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, नाही गं, चूक माझी आहे, पिशव्यांमध्येच घाण होती आणि ती मी आणली. पंधरा शब्दसुद्धा लागले नसते. पण माझ्या तोंडाला कुलूप लागलं. तोवरच्या नोकरीत कुणी मला 'विमलबाई, चुकलात' म्हटलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "असू दे गं. झालं ते झालं." म्हणजे मी तिला माफ केलं! लाज वाटते लिहिताना.

सरांना मात्र संध्याकाळी फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "विमलबाई, नळ्यांचा नियम कोणासाठी होता?" मी रडले. ते म्हणाले, "त्या बाईंना सांगितलंत?" मी हो म्हटलं. दुसरं खोटं, पहिल्याच्या पाठोपाठ.

पुढचे दिवस मी रोज मुलुंडला जाऊन झाडावरच्या ममी तोडून आणायचे आणि एकेक नळीत घालायचे. शंभर नळ्या, कापसाची शंभर बोंडं. रोज सकाळी भिंगाखाली बघायचे. स्वच्छ पंख. स्वच्छ पंख. पुन्हा स्वच्छ पंख. काजळी निघाली नाही. दोन नाही, एकही नाही.

महिनाअखेरीस अधिकारी आला, सोबत नाईक आणि करवतवाले. सुमन रोपांच्या मधोमध उभी होती. अधिकाऱ्याने चाकूने पहिल्या झाडाची साल खरवडली. तपकिरी. आणखी वर खरवडली, तपकिरी. त्याने वहीत काहीतरी लिहिलं. ते झाड गेलंच. दुसऱ्याला खालच्या बाजूला तपकिरी, म्हणून तो वही उघडायला लागला, तर सुमन पुढे झाली. "साहेब, या बाजूला बघा की!" त्याने शिडीवर चढून वरची फांदी खरवडली. हिरवी. तिसऱ्या झाडाला तर चाकू लावायची गरजच पडली नाही, टोकाला बोटभर कोवळी पालवी फुटली होती. नाईक मान वर करून बघत राहिले. दोन झाडं राहिली. सुमनने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "ताई, तुमच्यामुळे." मी हात सोडवून घेतले आणि रिक्षा शोधायला लागले.

मी निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली. हा लेख लिहून झाला तेव्हा वाटलं, छापून आल्यावर तिने दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं, हे बरं नव्हे. म्हणून परवा सकाळी कागद घेऊन मुलुंडला गेले. सुमन आता पंचेचाळिशीला आली असेल, केस पिकलेत. मी स्टुलावर बसून सगळं वाचून दाखवलं. ती झारीने पाणी घालत ऐकत होती. 'लाज वाटते लिहिताना'पर्यंत आले आणि कागद मांडीवर ठेवला.

"मला ठाऊक होतं, ताई," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं? सरांनी?"

"कुणी कशाला सांगायला हवं? त्या दिवशी तुम्ही रिक्षातून उतरलात तेव्हा मी पिशवी काढलीय हे तुम्हाला कुठं माहीत होतं? तरी तुम्ही धावत येऊन झाडावरच्या पिशव्या उतरवायला लागला. म्हणजे चूक आधीच झालेली होती ना? माझ्या आधी." तिने झारी खाली ठेवली. "संध्याकाळी भाकरी थापताना डोक्यात आलं माझ्या."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते. पहिलं वर्षभर लई राग होता. तुम्ही यायच्या आणि झाडाकडे बघून जायच्या, माझ्याकडे नाही. मग म्हटलं, जाऊ दे."

कागद घडी करत मी म्हटलं, "यात तुझं नाव घातलंय. बाकी सगळ्यांची बदलणार आहे, तुझंही बदलते."

"नका बदलू."

"का गं?"

"जास्वंदी माझ्या होत्या ना? मग नाव दुसऱ्या कुणाचं कशाला?"

म्हणून बदललेलं नाही. तिचं नाव सुमन गायकवाड. मुलुंडला त्या कॉलनीच्या गेटजवळ, दोन रेन ट्रींच्या सावलीत तिची नर्सरी आहे. नेचे मिळतात, तुळस मिळते, मनीप्लँट, शेवंती, हंगामात मोगरासुद्धा मिळतो. जास्वंद ती ठेवत नाही.